चिंचोळीला कसं जायचं

भाचा अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. "मामा, यंदा आठ दिवस येतोय. नुसतं घरात बसून फराळ खायचा नाही. जवळपास डोंगर-जंगल असलं काही सांगा. आणि जवळचं विमानतळ कोणतं, तेही सांगा."

उदगीरच्या माणसाला डोंगर विचारणं म्हणजे पंढरपूरच्या माणसाला समुद्र विचारणं. आमच्याकडे माळ आहे, खडक आहे, तुरीचं रान आहे. तरी तोंडातून निघून गेलं, "चिंचोळीला जाऊ."

"कुठली चिंचोळी?"

विचारणं रास्तच होतं. महाराष्ट्रात दर दोन तालुक्यांआड एक चिंचोली सापडते. ही मात्र कर्नाटकातली, कलबुर्गी जिल्ह्यातली, तेलंगणाच्या कुंपणाला टेकलेली. नावात चिंच आहे आणि कन्नडमध्ये चिंचेला हुणसे म्हणतात. मग हे नाव ठेवलं कुणी, हा वाद मी काढत नाही. सीमाभागात असले वाद काढले की चहा गार होतो.

"नॅशनल पार्क आहे का तिकडे?"

नाही. कर्नाटकात राष्ट्रीय उद्यानं पाच: बंदीपूर, नागरहोळे, बन्नेरघट्टा, कुद्रेमुख आणि अंशी. पाचही दक्षिणेला नाही तर पश्चिम घाटात. बीदरहून बंदीपूरला जायचं तर आठशे-नऊशे किलोमीटर तुडवावे लागतात, म्हणजे त्यापेक्षा मुंबई जवळ. बीदरच्या माणसाला त्यातल्या त्यात जवळची राष्ट्रीय उद्यानं हैदराबादेत. त्यातलं एक तर भर शहरात, बंजारा हिल्सला लागून आहे आणि सकाळी तिथं लोक ट्रॅकसूट घालून फिरतात. चिंचोळीला जे आहे ते अभयारण्य. २०११ साली जाहीर झालेलं, १३४.८८ चौरस किलोमीटरचं. दक्षिण भारतातलं कोरडवाहू मुलखातलं पहिलं अभयारण्य असं त्याचं कौतुक सांगतात. कलबुर्गीकडची माणसं त्याला 'आमचा मलनाड' म्हणतात. पश्चिम घाटातला खरा, पावसाळी मलनाड पाहिलेल्याला हसू येईल, पण मे महिन्यात कलबुर्गीत राहून बघा, मग कळेल की चार झाडं एकत्र दिसली तरी माणूस मलनाड का म्हणतो.

भाच्याला डोंगर हवे होते त्याला कारण होतं. आदल्या वर्षी तो ग्रँड टीटनला जाऊन आला होता. तिथलं जॅक्सन होलचं विमानतळ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच आहे. अमेरिकेत प्रवासी विमानं उतरतात असं उद्यानातलं हे एकमेव विमानतळ. विमानाची शिडी उतरली की समोर बर्फाचे सुळके, बॅगेची वाट बघतानाच उद्यान सुरू. तिकडून गाडीनं उत्तरेला यलोस्टोन. "कुठं जायचं म्हटलं की विमानतळ धरून मोजायचं, मामा. सोपं पडतं," असं त्यानं मला समजावलं. मी म्हणालो, बरं. नेपाळात सागरमाथा उद्यानाला जाणारे लुक्लाच्या इवल्याशा धावपट्टीवर उतरतात आणि पुढे एव्हरेस्टच्या दिशेनं दिवसच्या दिवस चालतात, ते मी कुठंतरी वाचलं होतं. तेवढं मात्र बोललो नाही.

तर विमानतळ धरून मोजू.

आमच्या भागाची गंमत अशी की जिथं वीस वर्षांपूर्वी विमान फक्त आकाशात आवाज करून जायचं, तिथं आता शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात दोन विमानतळं आहेत. कलबुर्गीचं २२ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झालं, बीदरचं ७ फेब्रुवारी २०२० ला. दोन्हीकडे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा आले, दोन्हीकडे फीत कापली. कलबुर्गीचं विमानतळ श्रीनिवास सरडगीच्या माळावर नव्यानं बांधलेलं, धावपट्टी तीन किलोमीटरच्या वर. बीदरची कथा वेगळी. तिथं धावपट्टी कधीपासूनच आहे, पण ती हवाई दलाची. वैमानिकांचं प्रशिक्षण तिथं चालतं आणि सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या पथकाचं घरही तेच. १९९६ साली ते पथक तिथंच उभं राहिलं. आमच्या लहानपणी बीदरला मामाकडे गेलो की गच्चीवर झोपायचो आणि सकाळी विमानांच्या घरघरीनं जाग यायची. त्या विमानात आपण बसू असं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

प्रवाशांसाठी इमारत बांधून झाली, तरी ती वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिली. त्याचं कारण शंभराहून जास्त किलोमीटर लांब, शमशाबादेत होतं. हैदराबादचं नवं विमानतळ बांधणाऱ्या कंपनीशी सरकारनं करार केला, त्यात दीडशे किलोमीटरच्या आत दुसरं विमानतळ चालू करायचं नाही अशी अट होती. बीदर त्या वर्तुळात सापडलं. मग वाटाघाटी झाल्या, लहान शहरांना विमानानं जोडणारी उडान योजना आली, अखेर एकदाची बेंगळुरूची विमानसेवा सुरू झाली. आणि दीड महिन्यात टाळेबंदी.

त्यानंतरचा हिशोब विमानतळाच्या बाहेरचे रिक्षावाले तोंडपाठ सांगतात. पहिली सेवा बंद पडली. २०२२ मध्ये दुसरी आली. २०२३ सरता सरता तीही थांबली. २०२५ च्या एप्रिलमध्ये परत सुरू झाली. कलबुर्गीहून बेंगळुरूबरोबर मध्यंतरी तिरुपती आणि दिल्लीजवळच्या हिंडनलाही विमानं जात होती, त्यांचीही अशीच ये-जा. एका रिक्षावाल्यानं दखनीत सांगितलं ते असं: "साब, जहाज आया तो हमारा भी दिन निकला. नै आया तो नै." त्यामुळे या बाजूला विमानानं येणाऱ्याला माझा सल्ला एकच. आधी विमान उडतंय का ते विचारा, मग सुट्टीचा अर्ज टाका. भाच्यानं उलटं केलं होतं, पण नशिबानं विमान उडत होतं.

*

बेंगळुरूहून बीदरला तो उतरला आणि बाहेर येऊन त्यानं पहिली गोष्ट विचारली ती मातीची. "मामा, रत्नागिरीला उतरलो का काय?"

बीदरची माती लाल आहे. नुसती लाल नाही, विटकरी. शहराखाली जांभा दगड आहे, कोकणात असतो तसाच छिद्राछिद्रांचा. आपल्याला जांभा म्हटलं की चिरेबंदी घरं, सुपारी, पाऊस आठवतो. दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या बेसाल्टच्या डोक्यावर ही लाल टोपी कुणी घातली असं वाटतं. पाणी या जांभ्यातून झिरपत खाली जातं आणि बेसाल्टला लागलं की अडतं, आडवं वळतं, पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. बहमनी राजांनी हे ओळखलं. नौबादजवळ त्यांनी जांभा पोखरून जमिनीखालून तीनेक किलोमीटरचा पाण्याचा बोगदा काढला, इराणी पद्धतीचा, ज्याला करेझ म्हणतात. वरून बघितलं तर रांगेनं विहिरी दिसतात. भाच्यानं मोबाइलचा दिवा लावून एकीत वाकून बघितलं. खाली अंधार आणि पाणी. मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला होता.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे आमच्याकडचा डोंगर समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. इथं डोंगर वर चढत नाही. इथं तुम्ही आधीच वर असता. बीदर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आहे, कलबुर्गी साडेचारशेच्या आसपास. दोघांच्या मधे कुठंतरी पठाराची कड तुटते, ओढे तिला कुरतडतात, आणि त्या कुरतडलेल्या कडेला जंगल धरून राहतं, कारण तिथं नांगर चालत नाही. डोंगर म्हणायचा तो हा. खालून येणाऱ्यालाच तो दिसतो. वरून जाणारा उतरायला लागेपर्यंत त्याला पत्ताही नसतो.

म्हणून माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्यानं कलबुर्गीकडून यावं. मुंबई-पुण्याच्या लोकांना ते सोपंही आहे. गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला जाणारी निम्मी महाराष्ट्रातली माणसं त्याच लोहमार्गानं जातात. गाणगापूर रोडला उतरतात, संगमावर आंघोळ करतात, माधुकरी मागतात, परत जातात. पुढे अर्ध्या तासावर कलबुर्गी आहे आणि कलबुर्गीच्या वर जंगल आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. कलबुर्गीहून बीदरला आता रेल्वे आहे. १९९७-९८ च्या अर्थसंकल्पात मंजूर झालेला एकशे दहा किलोमीटरचा हा मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ ला पूर्ण होऊन सुरू झाला. वीस वर्षं लागली. आमच्याकडे त्या काळात, कलबुर्गीला गुलबर्गा म्हणत तेव्हा, एखादं काम रखडलं की 'बीदर-गुलबर्गा लाइन झाली का' असं म्हणायचे. या गाडीत खिडकीशी बसावं. कमलापूरच्या आसपास जमीन उठायला लागते, रूळ वळणं घेतात, मरगुत्तीचा बोगदा येतो आणि बोगद्यातून बाहेर पडलं की तुम्ही वरच्या मजल्यावर असता. दख्खनच्या पायरीची एवढी स्वस्तात ओळख दुसरीकडे होणार नाही. कमलापूरला लाल सालीची केळी मिळतात, जाड आणि गोड. त्यांना भौगोलिक मानांकन आहे. रस्त्यानं आलात तर घाटाच्या अलीकडे घ्या.

रस्त्यानं यायचं तर दोन मोठे रस्ते हुमनाबादला एकमेकांना छेदतात. पुणे-सोलापूर-उमरग्याहून हैदराबादला जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग आणि नांदेड-देगलूर-बीदरहून कलबुर्गीकडे जाणारा ५० क्रमांकाचा. हुमनाबादच्या बाहेर माणिकनगर. माणिकप्रभूंचं संस्थान, मराठी पदं आणि कन्नड स्वयंपाक. तिथं एक मुक्काम करून पुढं जाणारे शहाणे. आम्ही शहाणे नव्हतो.

बीदरहून एका ट्रॅव्हल्सवाल्याची गाडी ठरवली होती. सकाळी सहाला येणार होती. सातला फोन केला तर "निघालीच", आठला "पेट्रोल टाकतोय", नऊला फोन बंद. साडेनऊला मी भाच्याला म्हणालो, "बॅग उचल. लाल डब्यानं जाऊ." तो बिचारा विमानतळ धरून मोजत आलेला, त्याला एस.टी. स्टँड धरून मोजायची वेळ आली.

*

बीदर ते चिंचोळी साठेक किलोमीटर. मधे मन्नाएखेळी लागतं, बोलताना सगळे मनाखेळी म्हणतात. तिथं गाडी हैदराबादचा महामार्ग ओलांडते. या साठ किलोमीटरमध्ये काय घडतं ते सांगतो.

कंडक्टर आला. आमच्या पुढच्या बाकावरच्या बाईनं आधार कार्ड दाखवलं, यंत्रातून तिकीट निघालं, शून्य रुपयांचं. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे. तिच्या शेजारी बसलेली बाई जहीराबादकडची, तिनंही कार्ड काढलं. कंडक्टरनं पत्ता वाचला आणि मान हलवली. ती तेलंगणाची. तेलंगणात त्याच वर्षी डिसेंबरपासून बायकांना बस फुकट, पण त्यांच्या बसमध्ये. तिनं पैसे दिले आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली ते कंडक्टरला समजलं, पण त्यानं ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यांच्या मागं एक उदगीरच्या बाई होत्या, लेकीकडे निघालेल्या. महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट, तेही २०२३ चंच, मार्चपासून. "इथं आमचं अर्धं चालतं का रे, दादा?" त्यांनी मराठीत विचारलं. कंडक्टर मराठीतच म्हणाला, "मावशी, अर्धं तुमच्या गावात, अख्खं माझ्या गाडीत." सगळी बस हसली. पैसे पूर्ण घेतले.

तीन राज्यं, एकाच वर्षात तीन योजना आणि तिघी एकाच बसमध्ये. माझ्या आजोबांच्या वेळी या तिघी एकाच राज्याच्या, निजामाच्या हैदराबादच्या असत्या. बीदर जिल्ह्यात तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांचे तालुके होते. आमचं उदगीर बीदर जिल्ह्यातच. आजोबा कोर्टाच्या तारखेला बीदरला जायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं भाषेवर वाटली गेली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, पण जहीराबाद तालुक्यातलं निर्णा सर्कल तेवढं बाजूला काढून बीदरकडेच ठेवलं. दक्षिणेकडे कोडंगल आणि तांडूर हे तालुके गुलबर्ग्यातून काढून आंध्रात टाकले. चिंचोळी राहिली गुलबर्ग्यात, पण तिचं जंगल रेषेला जाऊन भिडलं. जंगलाला रेषा कळत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला विचाराल तर जंगलाला चांगली कळते. रेषेच्या काठावर शेत कमी, रस्ता कमी, दोन्हीकडच्या साहेबांचं लक्ष कमी. झाडांना याहून जास्त काय पाहिजे?

मनाखेळीनंतर रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना तूर. कलबुर्गीच्या तूरडाळीलाही भौगोलिक मानांकन आहे, आणि दिवाळीच्या सुमाराला ती फुलावर असते, पिवळीधमक. काळी जमीन आणि लाल जमीन आलटून पालटून येते, एका शेताच्या बांधाला इकडे काळी, तिकडे लाल. भाचा खिडकीतून फोटो काढत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी कन्नडमध्ये विचारलं, "एल्लिगे होगबेकु?" कुठं जायचंय. मी म्हणालो, चंद्रमपळ्ळी, अभयारण्यातल्या धरणावर. माणूस लगेच दखनीवर आला, "वां क्या है साब? झाडां हैं, पानी है." बस्स. त्याच्या लेखी जंगल पाहायला कुणी येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चिंचोळी गाव तालुक्याचं. वीरेंद्र पाटलांचं गाव, जे कर्नाटकाचे दोनदा मुख्यमंत्री झाले, १९६८ ते ७१ आणि परत १९८९-९०. मुख्यमंत्र्याच्या गावाला अजून रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन म्हणजे तांडूर, सीमेपलीकडे, वाडी-सिकंदराबाद मार्गावर. तो मार्ग निजामानं १८७४ सालीच घातलेला. मुंबईहून येणारी हुसेनसागर एक्सप्रेस तिकडूनच जाते. म्हणजे कर्नाटकातल्या जंगलाला जायला महाराष्ट्रातून निघून तेलंगणात उतरणं हा एक सरळ मार्ग आहे. हे ऐकून भाच्यानं हात जोडले.

स्टँडसमोर सुसला आणि मिरची भजी खाल्ली. पुढच्या पंधरा-वीस किलोमीटरला बस होती, पण ती संध्याकाळी मुक्कामाला जाणारी. मग वडापची जीप. जीपमध्ये सिमेंटची दोन पोती, एक शेळी, पाच माणसं आणि आम्ही.

*

अभयारण्याला आपण कल्पतो तसं दार नाही. वनखात्याचा नाका आहे, पाटी आहे, परवानगी आणि पावतीचं काम आहे, ते चिंचोळीतच उरकून घेतलेलं बरं. आत शिरल्यावर पाच मिनिटांत जाणवतं की उजेड बदलला. साग आहे, तो बराचसा लावलेला. पळस, धावडा, टेंभुर्णी, मोहा, सीताफळाची झुडपं. चंदन आहे, आणि कुठं आहे हे कुणी सांगत नाही. पाऊस संपून महिना झाला होता, पानं अजून हिरवी होती, पण कडेनं तांबडी पडायला लागली होती. आणखी चार महिन्यांनी हेच रान खराट्यासारखं होतं आणि फॉरेस्टवाले फायर लाईन साफ करत आगीची वाट बघत बसतात.

चंद्रमपळ्ळीचं धरण मातीचं आहे, सरनाला नावाच्या ओढ्यावर बांधलेलं. हे पाणी पुढे मुल्लामारीत जातं, मुल्लामारी कागिण्यात, कागिणा भीमेत. म्हणजे पंढरपूरला वाळवंट ओलं करून आलेल्या भीमेला हे जंगल खालच्या अंगाला येऊन मिळतं. धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की तिन्ही बाजूंना टेकड्या आणि मधे पाणी. कुणी डोंगर म्हटलं तर मी अडवणार नाही. भाचा गप्प उभा होता. मग म्हणाला, "मामा, इथं कुणीच नाही." तक्रार आहे का कौतुक, ते मला कळलं नाही. ग्रँड टीटनला तलावाच्या काठी गाडी लावायला त्याला पाऊण तास फिरावं लागलं होतं.

आमच्याबरोबर एक गार्ड होता. पन्नाशीचा, पायात प्लास्टिकची चप्पल, हातात काठी. मराठी येत नव्हतं, दखनीवर काम चाललं. त्याला वाघ-बिबट्याचं विचारलं की तो हसायचा. इथं लांडगा आहे, तरस आहे, कोल्हा आहे, आणि चौशिंगा आहे. ही मोठ्या पोस्टरवरची जनावरं नव्हेत. लांडगा तर दाट रानातला नाहीच, तो माळाचा, मेंढपाळांच्या मागं मागं राहणारा. त्यानं आम्हाला पायवाटेच्या कडेला एका जागी थांबवलं. पानांवर लेंड्यांचा ढीग होता, शेळीच्या लेंड्यांहून लांबट, वरच्या काळ्या आणि ओल्या, खालच्या पांढुरक्या, अगदी तळाच्या मातीत मिसळलेल्या. "चौसिंगा," तो म्हणाला. हे हरिण रोज त्याच त्या जागी येऊन लेंड्या टाकतं. डोक्यावर चार शिंगं असलेलं हे जनावर भारत आणि नेपाळ सोडून जगात कुठं नाही, आणि नराच्या पुढच्या दोन शिंगांची लांबी जेमतेम बोटाएवढी. गार्डनं काठीनं वरचा थर हलकेच बाजूला सरकवला. वाफ नव्हती, पण ओल होती. "सुबू आया," म्हणाला. सकाळी येऊन गेला. आम्ही ज्या वेळी बीदरला त्या गाडीवाल्याला फोन करत होतो त्या वेळी.

आम्हाला चौशिंगा दिसला नाही. मोर दिसले, माकडं दिसली, एक मुंगूस आडवं गेलं.

एत्तिपोता नावाचा धबधबा आहे. कर्नाटकाच्या जंगलात तेलुगू नाव. एत्ति म्हणजे उचलून, पोता म्हणजे ओतणं. उचलून ओतल्यासारखा. नागार्जुनसागरजवळ याच नावाचा मोठा धबधबा आहे, त्याच्यापुढे हा लेकरू. दिवाळीनंतर गेल्यानं तो ओतत नव्हता, ठिबकत होता. धबधबा पाहायचा असेल तर जुलै ते सप्टेंबर या आणि चिखलाची तयारी ठेवा. फिरायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गोट्टमगोट्ट्याला बक्कप्रभूंचं देऊळ आहे, जत्रेला गर्दी असते, एरवी घंटेवर वटवाघळाची शी. तिथल्या बाजूला वनखात्यानं तंबूंची जागा केलेली आहे. हॉटेल नाही, मोबाइलला रेंज धरवत नाही, पेट्रोल गावातच भरून घ्यावं.

*

परतीला वडाप मिळेपर्यंत जंगलाच्या कडेला एका लंबाणी तांड्यावर बसलो. या भागात तांडे पुष्कळ. कित्येक पिढ्या राहूनही घराखालची जमीन कागदोपत्री त्यांची नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये मळखेडला, जिथं राष्ट्रकूटांची राजधानी होती तिथं, पंतप्रधान मोदींच्या हस्ते पाच जिल्ह्यांतल्या पन्नास हजारांहून जास्त कुटुंबांना हक्कपत्रं वाटली. या तांड्यावर एका घराच्या दारावर ते पत्र प्लास्टिकमध्ये घालून लावलेलं होतं, देवाच्या फोटोशेजारी.

घरासमोर एक म्हातारी बसली होती. फेटिया-कांचळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. मी दखनीत सुरुवात केली तर ती सरळ मराठीत म्हणाली, "कुठनं आला, बाबा?"

मी उडालोच. "मराठी कुठं शिकलात, आजी?"

"हडपसरला. सात वरीस होते. बिगारी कामाला." मग बोटांवर मोजून दाखवलं: हडपसर, वाघोली, एकदा कल्याण, एकदा गोवा. आता गुडघे गेले म्हणून घरी. दोन मुलगे आणि सुना पुण्यालाच. तांड्यात त्या दिवशी होती ती म्हातारी माणसं, लेकरं आणि कोंबड्या. दिवाळीला आलेले दोन दिवसांपूर्वी परत गेले होते.

भाच्यानं विचारलं, "इथून पुण्याला कसं जातात?" त्याचा नेहमीचा प्रश्न, फक्त दिशा उलटी. आणि आजीनं कसलीही आठवण न काढता सांगायला सुरुवात केली. तांड्याहून जीप चिंचोळीला. चिंचोळीहून बस हुमनाबादला. हुमनाबादला धाब्यापाशी रात्री गाड्या थांबतात, हैदराबादहून येणाऱ्या, त्यात जागा असली तर आत, नसली तर मधल्या वाटेत पटकूर टाकून. सोलापूरला उजाडायच्या आत. हडपसरला गाडीतळाच्या अलीकडे उतरायचं, पुढे गेलं की रिक्षावाला जास्त घेतो. भाडं किती, सणात किती, कुठला ड्रायव्हर सामानाचे वेगळे पैसे घेतो, कुठं लघवीला गाडी थांबते, सगळं. इतका चोख प्रवासवृत्तान्त मी कुठल्याच पुस्तकात वाचलेला नाही. एकदाही तिनं विमानतळ म्हटलं नाही. कलबुर्गीच्या विमानतळावर काम लागलं होतं तेव्हा तांड्यातली काही पोरं तिथं खडी टाकायला होती, एवढाच तिचा विमानाशी संबंध.

मग तिनं भाच्याकडे बघितलं. "हा कुठं असतो?"

"अमेरिकेला," मी म्हणालो.

"किती वेळ लागतो?"

"एक दिवस लागतो, आजी," भाचा म्हणाला. "दिवस आणि रात्र."

"मंग पुण्याएवढंच की," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं शेंगांची मूठ आणून त्याच्या ओंजळीत घातली.

जीप आली. सिमेंटची पोती उतरली होती, शेळी परत निघाली होती, विकली गेली नव्हती. चिंचोळीच्या स्टँडवर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. हुमनाबादच्या गाडीशी झुंबड होती. खांद्यावर गाठोडी, डोक्यावर पत्र्याची पेटी, एका पोराच्या हातात घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी, आईनं दिलेली, तोंड सुतळीनं शिवलेलं. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, आधी कन्नडमध्ये, मग दखनीत, मग मराठीत: "पुणेवाले आधी चढा, पुढची गाडी चुकेल!"

आम्ही बीदरवाले. आम्ही बाजूला सरकलो.